मर्टलच्या पोटातला तवा

शनिवारी सकाळी आठच्या ठोक्याला व्हर्नाचा अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार अंगणात टेबलांवर मांडलेला होता आणि अख्खं स्प्रूस नेक गाव त्यात हात घालत होतं. कुणी काचेच्या वाडग्याला टिचकी मारून बघत होतं, कुणी चादर उजेडात धरून भोकं शोधत होतं. व्हर्ना पायरीवर खुर्ची टाकून बसली होती आणि तिच्या नजरेतून चमचासुद्धा सुटत नव्हता.

"भोक नाहीये तिला, डॉट," ती शेजारणीवर तिथूनच ओरडली. "ह्या घरात भोकं पडलेली एकच वस्तू आहे, आणि ती विकायची नाहीये."

ती वस्तू म्हणजे ऑरिन, तिचा नवरा. कोपरांना भोकं पडलेला स्वेटर घालून तो लोकांनी घेतलेल्या खुर्च्या त्यांच्या गाड्यांत चढवून देत होता, तेही डाव्या हाताने. उजवा खांदा अडतीस वर्षं गावची बर्फ काढायची गाडी चालवून कामातून गेला होता. निवृत्त झाला त्या दिवशी घरी येऊन त्याने टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "आता एक तरी हिवाळा असा काढायचा, की सकाळी खिडकीचा पडदा सारताना पोटात गोळा येणार नाही." त्यापायी त्याने शेवंडं धरायची एक जुनी बोट मातीमोलाने घेतली, कोठारात आणून ठेवली आणि सहा हिवाळे तिच्यावर खपला. झोपायला दोन बाकं, शेगडी, संडास, खिडक्या, सगळं आपल्या हाताने बसवलं. आता घर विकलं होतं. शुक्रवारी सह्या, आणि शनिवारी बोट सोडून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला. जिथे ऊब तिथे हिवाळा. परत घर म्हणून नाही. राहायचं ते बोटीवरच.

बोटीचं नाव मर्टल ॲन. आधीच्या मालकाच्या बायकोचं. बोटीचं नाव बदललं की समुद्र डूख धरतो, हे मेन राज्याच्या किनाऱ्यावर पोराटोरांनाही ठाऊक असतं, म्हणून ऑरिनने ते पुसलं नव्हतं.

"सत्तरी उलटल्यावर नवऱ्याने दुसरी बाई आणली," व्हर्ना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "आणि मला म्हणतो, चल, तिच्याच घरी राहू."

तोंडाने असं बोलत असली तरी ती जायला कबूल झाली होती, आणि व्हर्ना एकदा कबूल झाली की झाली. खोटं बोलायचं नाही आणि शब्द फिरवायचा नाही, ह्या दोन गोष्टींवर ती गावात मान वर करून हिंडायची. शाळा आठवीतच सुटली होती, पैसा कधी दिसला नव्हता. मान वर करायला तिच्याजवळ दुसरं होतं काय?

जाण्याला अटी दोन होत्या. पहिली ऑरिनची: प्रत्येकाने मासळीचे पाच क्रेट भरून सामान घ्यायचं, त्यावर एक नाही, आणि बिडाचं, लोखंडाचं काही घ्यायचं नाही. दुसरी त्यांच्या मुलीची, ग्लेनिसची. ती शाळेची बस चालवायची, पंचेचाळीस पोरांना रोज बर्फातून सुखरूप घरी पोचवायची, त्यामुळे तिला सगळ्या जगाची काळजी घ्यायची सवय लागली होती. ती म्हणाली होती, "बाबा, तुझ्या खांद्याने सुकाणू अर्धा तासही धरवत नाही. आईला लांबचं दिसत नाही. तुमचा तो ऑटोपायलट जर नीट चालला तर जा. गुरुवारी मी बोटीवर येणार. बाहेर पाण्यात तरंगतो त्या घंटेच्या बोयापर्यंत जायचं आणि परत यायचं, चाकाला कुणी हात लावायचा नाही. नाही जमलं तर मुकाट्याने माझ्या मागच्या खोलीत राहायला यायचं." ऑरिनने तिच्या हातावर हात मारला होता. ऑटोपायलटला तो आपला बिनपगारी खलाशी म्हणायचा. मागच्या फेब्रुवारीत त्यानेच तो बसवला होता, कोठारात, बोटं गारठून काळीनिळी होईपर्यंत. व्हर्ना बॅटरी धरून उभी होती. तो एकेक तार दाखवून सांगत होता, ही कशाला, ती कशाला, इथे काय ठेवायचं, काय नाही. ती "हं, हं" करत होती आणि मनात म्हणत होती, बीन्स करपत असतील.

अकराच्या सुमाराला ग्लेनिस आली. तडक स्वयंपाकघरात गेली आणि तशीच बाहेर आली.

"आई, आजीचा तवा कुठाय?"

शेगडीमागच्या भिंतीवर तो तवा सत्तर-ऐंशी वर्षं तरी टांगलेला असेल. आधी व्हर्नाच्या आईच्या घरी, मग व्हर्नाच्या. बिडाचा, काळाभोर, आरशासारखा चकचकीत. त्यावर अंडं टाकलं की घसरत जायचं.

"गेला," व्हर्ना म्हणाली.

"गेला म्हणजे? विकलास?"

"अगं, पाचच क्रेट आहेत मला. जे गेलं ते गेलं."

"कुणी नेला?"

"कुणी का नेईना."

ग्लेनिसचा चेहरा उतरला. "मला द्यायचा होतास, आई. एकदा विचारायचं तरी."

"तुला? त्या काचेच्या शेगडीवर ठेवून साबणाने घासायला? त्यापेक्षा परक्याला गेलेला बरा."

व्हर्नाने तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलेला दिवा ग्लेनिसने उचलला, गाडीत ठेवला आणि जेवायला न थांबता निघून गेली. व्हर्ना डॉटला चादरीची किंमत सांगत बसली, पण दोनदा चुकली.

तवा घरातच होता. धुण्याच्या टोपलीत, टॉवेलांच्या खाली.

त्यात व्हर्नाला काही खोटं वाटत नव्हतं. 'गेला' म्हणाली, आणि तवा जाणारच होता. कुठे, ते तिने सांगितलं नव्हतं इतकंच. बोटीवर ऑरिनने ॲल्युमिनियमची दोन हलकी तवकटं ठेवली होती. व्हर्नाने त्यातलं एक उचलून पाहिलं होतं आणि तिला वाटलं होतं, ह्याच्यापेक्षा माझी टोपी जड आहे. ह्या पत्र्यावर उरलेलं आयुष्य तळायचं?

रविवारी दुपारी ऑरिन जेवून जमिनीवरच्या गादीवर घोरायला लागला, तशी ती टोपली हातगाडीत घालून धक्क्यावर गेली. भरती होती म्हणून धक्क्यावरून बोटीत उतरायची शिडी सपाट होती. ओहोटीला तीच शिडी भिंतीसारखी उभी राहते आणि मग सत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी टोपली उतरवणं म्हणजे दिव्यच. टोपलीत एकटा तवा नव्हता. तव्याबरोबर डोनट तळायचं बिडाचं भांडं होतं आणि आईची कोळशावर तापवायची इस्त्री होती. इस्त्री कशाला, हे व्हर्नालाही सांगता आलं नसतं.

भरायचं कसं, हे मात्र तिला कुणी शिकवायला नको होतं. चौदाव्या वर्षी ती सार्डिनच्या कारखान्यात लागली. एका हातात कात्री, बोटांना चिकटपट्ट्या, समोरून मासळीचा पट्टा वाहतोय. डोकं कापायचं, शेपटी कापायची आणि डबा असा भरायचा की हलवला तरी आतून आवाज येता कामा नये. पुढे कारखाना बंद पडला, पण तो बंद पडेपर्यंत व्हर्नापेक्षा जास्त डबे दिवसाला कुणी भरले नव्हते. गेले पंधरा दिवस ती मर्टलला तशीच भरत होती. कॉफीच्या डब्यात मोजे, मोज्यांत जायफळ, बुटांत बटाटे. ऑरिनसुद्धा बघत राहायचा आणि म्हणायचा, "म्हातारे, तू भरलेल्या बोटीत पाणी शिरायला जागा मिळणार नाही."

ऑरिनच्या बाकाखाली एक खोल कप्पा होता. वाकून बघावं लागेल असा, म्हणजे ऑरिन कधी बघणार नाही असा. तिने भांडं खाली ठेवलं, भांड्यात इस्त्री, वर तवा. तवा हलत होता. कप्प्याच्या कडेला फळीवर साबणाच्या डबीएवढी एक काळी डबी स्क्रूने बसवलेली होती. व्हर्नाने तव्याचा दांडा त्या डबीला टेकवून टॉवेलाने गच्च आवळला. आता हलेना. बरं झालं, म्हणाली ती, इथे काहीतरी टेकू होता. वरून दोन गोधड्या अंथरल्या, टोपली रिकामी घेऊन घरी आली आणि ऑरिन उठायच्या आत कॉफी टाकली.

सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन सहा महिन्यांच्या गोळ्या. पोस्टात पत्ता बदलायचा, आणि खिडकीतली बाई विचारते नवा पत्ता काय, तर व्हर्ना म्हणते, "समुद्र लिही. मोठा आहे, चुकणार नाही." मंगळवारी ऑरिन सकाळीच धक्क्यावर गेला. व्हर्ना दुपारी डबा घेऊन गेली तर ओहोटीला मर्टल धक्क्याच्या भिंतीला टेकून चिखलात कोरडी उभी होती आणि हा गुडघ्यांवर बसून तिच्या पोटाला हिरवा रंग देत होता.

"आता हे काय काढलंस? जूनमध्ये दिला होतास ना रंग?"

"शेवटचा हात," तो मान न वळवता म्हणाला.

"मला कधी एवढी पावडर लावली नाहीस."

"तू कधी एवढा वेळ स्थिर उभी राहिली नाहीस."

बुधवारी किराणा चढवला. व्हर्ना यादी वाचत होती. "पीठ, काकवी, कॉफी, आणि ते खारवलेलं डुक्—"

"अगं ए!" ऑरिन जवळजवळ धावतच आला. "बोटीवर नाव घेऊ नकोस त्याचं!"

"खाताना चालतं वाटतं?"

"खाताना चालतं. नाव नाही घ्यायचं. माझ्या आज्याने एकदा घेतलं आणि त्याच दिवशी त्याचं इंजिन बंद पडलं."

"तुझ्या आज्याचं इंजिन व्हिस्कीने बंद पडलं, सगळ्या गावाला माहीत आहे. बरं, ऐक: शनिवारच्या बीन्स ज्याच्याशिवाय होत नाहीत ते, चार पाकिटं."

असं चाललं होतं. दिवसभर हसायची, बोलायची, पण पहाटे डोळा उघडला की व्हर्ना छताकडे बघत पडायची. मर्टलमध्ये ओला कोट टांगायचा कुठे? रागावलं तर जायचं कुठे? ह्या घरात ती रागावली की वरच्या खोलीत जाऊन धाडकन दार लावायची. मर्टलमध्ये आपटायला दारच नव्हतं, पडदा होता. ग्लेनिसची मागची खोली तिने पाहिली होती. तळमजल्यावर, गरम पाणी, खिडकीला पिवळे पडदे. हे ती कुणाला सांगणार नव्हती, ऑरिनला तर मेली तरी नाही.

गुरुवारी सकाळी ग्लेनिस आली. कॉफीचा थर्मास, लाइफ जॅकेट, आणि बस तपासतानाचा चेहरा. आईशी जेवढ्यास तेवढं बोलली. हवा स्वच्छ, समुद्र ताटात ओतल्यासारखा. ऑरिनने मर्टलला बंदराबाहेर काढलं, घंटेच्या बोयाकडे तोंड केलं, दाढीवरून हात फिरवला आणि बटण दाबून दोन्ही हात वर केले.

"बघ. पाद्र्यासारखा उभा आहे. चाकाला हात नाही."

मर्टल क्षणभर सरळ गेली. मग तिचं नाक हळूच डावीकडे वळलं. मग आणखी डावीकडे. चाक आपोआप गरगर फिरलं, बोट थबकली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे, आणि मग जी वळायला लागली ती वळतच राहिली. घंटेचा बोया समोरून गेला, चर्चचा मनोरा गेला, धक्का गेला, आणि परत बोया आला.

"बाबा," ग्लेनिस म्हणाली, "आपण गोल फिरतोय."

"दिसतंय मला."

त्याने बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा गोल. तिसऱ्यांदा लावलं. शेजारून एक शेवंडवाला आपल्या बोटीतून जात होता, त्याने टोपी काढून हलवली आणि ओरडला, "ऑरिन, काही हरवलं का रे?" ऑरिन हसला नाही. त्याने पुढची फळी उघडली, तारा चाचपल्या, मग केबिनच्या तोंडाशी वाकून व्हर्नाला म्हणाला, "जवळपास लोखंड आलं की त्याच्या होकायंत्राला वेड लागतं. माझ्या बाकाखाली त्याची काळी डबी आहे. तिथे काय ठेवलंयस तू?"

"गोधड्या," व्हर्ना म्हणाली.

तोंडातून शब्द गेला आणि मग तिला डबी आठवली. साबणाएवढी. टेकू.

"नुसत्या गोधड्या?"

"गोधड्या म्हटलं ना!"

ऑरिनने मान हलवली. व्हर्नाने सांगितलं म्हणजे प्रश्न मिटला. त्याने वाकूनसुद्धा पाहिलं नाही. चाक हातात घेतलं आणि परत फिरला. अर्ध्या वाटेत खांद्याने दगा दिला तेव्हा ग्लेनिसने चाक त्याच्याकडून काढून घेतलं. व्हर्ना बाकावर बसून होती, त्या कप्प्याच्या बरोब्बर वर, आणि तिला खालून चटका बसत असल्यासारखं वाटत होतं.

घरी स्वयंपाकघरात बसायला खुर्च्या नव्हत्या. तिघं उलट्या क्रेटांवर बसली. शेगडीमागच्या भिंतीचा कागद धुराने पिवळा पडलेला, आणि त्यात जिथे तवा असायचा तिथे एक गोल पांढरा डाग. व्हर्ना तिकडे पाठ करून बसली.

"नवीन यंत्र मागवता येईल, बाबा," ग्लेनिस म्हणाली. तिला जिंकल्याचा आनंद झालेला दिसत नव्हता.

"तीन आठवडे लागतील. तोपर्यंत ऑक्टोबर अर्धा संपेल. त्या वाऱ्यात नाही जाता येत." ऑरिन स्वतःच्या हातांकडे बघत होता. "आणि यंत्र चांगलं आहे, पोरी. तारा मी जोडल्यात. कुठेतरी चुकलो, आणि कुठे ते मला कळत नाही. आजवर मी जोडलेलं काही असं... हात गेले माझे. खांदा गेला तेव्हा वाटलं, चला, हात तरी आहेत." तो थांबला. "त्या मागच्या खोलीला पडदे कसले आहेत म्हणालीस?"

"पिवळे."

"हां. पिवळे चांगले."

व्हर्ना गप्प होती. गप्प बसणं तिला कधी जमलं नव्हतं, पण ह्या घडीला जमण्यासारखं होतं. दोन दिवस गप्प बसायचं, बस. मग गरम पाणी, लावायला दार, कोट टांगायला खुंटी. कुणाला कधी कळणार नाही. तवा एखाद्या रविवारी हळूच काढून आणता येईल. उलट सगळे म्हणतील, बिचारी व्हर्ना, जायला तयार होती, पण नवऱ्याला जमलं नाही.

ऑरिन उठला. दाराआड अंगणातल्या विक्रीचा पुठ्ठा उभा होता. त्याने तो उलटा केला, खिशातून जाडा पेन काढला, पुठ्ठा भिंतीवर धरला आणि मोठ्या अक्षरांत लिहायला लागला: बोट विकणे आहे. खांदा वर जाईना, म्हणून अक्षरं उतरणीला लागल्यासारखी खाली खाली जात होती. 'आहे' लिहून झाल्यावर तो वळला.

"काय गं, यंत्र बिघडलेलं आहे हेही लिहायला हवं, नाही का? घेणाऱ्याला फसवायला नको."

"टाक तो पुठ्ठा," व्हर्ना म्हणाली.

"काय?"

"टाक म्हणते ना! बहिरा झालास का आता? ऊठ ग्लेनिस. दोघंही चला. धक्क्यावर."

"आई, ओहोटी आहे. शिडी केवढी उभी—"

"शिडी मला शिकवू नकोस."

उन्हं कलली होती. व्हर्ना शिडीवरून पाठमोरी उतरली, एकेका पायरीला एकेकाला शिव्या देत: पायरीला, ओहोटीला, मर्टलला. खाली केबिनमध्ये गेली, ऑरिनच्या बाकाचं झाकण उघडलं, गोधड्या उपसून ग्लेनिसच्या अंगावर फेकल्या, टॉवेल सोडला आणि तवा वर काढला.

"हा घे," व्हर्ना ऑरिनला म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि आवाज भांडायला उठल्यासारखा चढला होता. "तुझे हात गेलेले नाहीत. तारा बरोबर आहेत. माझी जीभ गेली. गोधड्या म्हणाले मी. आयुष्यात एकदा खोटं बोलले, तर त्यात बोट गोल फिरली. आता बोल काय बोलायचं ते, मी ऐकून घेईन. पण लवकर बोल, मला ऐकून घ्यायची सवय नाहीये."

ऑरिनने तवा घेतला. बटण दाबून यंत्राचा पडदा चालू केला. दिशेचा आकडा उजळला आणि थरथरत राहिला. त्याने वाकून कप्प्यात पाहिलं.

"अजून काही आहे?"

"डोनटचं भांडं."

"अजून?"

"आईची इस्त्री."

"इस्त्री? बोटीवर?"

"तू अजून विचारणार आहेस का नुसता?"

त्याने तिन्ही वस्तू बाहेर, पार बोटीच्या पिछाडीला नेऊन ठेवल्या. परत आला तर पडद्यावरचा आकडा शांत बसला होता. त्याने एकदा चाकासमोरच्या मोठ्या होकायंत्राकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. दोन्ही एकच सांगत होते. मग तो बाकावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता खांदा दुखला, तरी थांबेना.

"मला सोमवारीच कळलं होतं," तो म्हणाला.

"काय कळलं होतं?"

"तू काहीतरी भरलंस ते. बोट जराशी खाली बसली होती. पाण्याच्या पातळीला रंगवलेली रेघ पाण्याखाली गेलेली! मला वाटलं, लोणच्याच्या बरण्या असतील. म्हटलं, असू देत, तिच्या बरण्या आहेत, बोलून दाखवलं तर उगीच उतरवायला लागतील. म्हणून मग रेघच वर घेतली."

व्हर्नाला मंगळवारचा हिरवा रंग आठवला. चिखलात गुडघे टेकून, दुखऱ्या खांद्याने.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं."

मागे ग्लेनिस गोधड्या पोटाशी धरून उभी होती. "मला म्हणालीस गेला," ती म्हणाली. "आई, पाच रात्री मी विचार करत होते की माझ्या आजीच्या तव्यावर कोण परकी बाई अंडी करतेय."

व्हर्नाने लेकीच्या हातातून गोधड्या घेतल्या आणि एकेक घडी घालून परत कप्प्यात ठेवली.

शुक्रवारी सकाळी मर्टल घंटेच्या बोयापर्यंत गेली आणि परत आली, पट्टीने रेघ ओढल्यासारखी. ऑरिन खिशात हात घालून उभा होता. ग्लेनिस सबंध वेळ बोयाकडे बघत होती, आणि धक्का जवळ आल्यावर म्हणाली, "ठीक आहे. जा." आणि मग ओठ दाबून पुढे म्हणाली, "पण रोज संध्याकाळी फोन करायचा. रोज." दुपारी सह्या झाल्या, किल्ल्या दिल्या. शुक्रवारी कुठलाही शहाणा माणूस प्रवासाला बोट सोडत नाही, अपशकुन असतो तो, म्हणून रात्र धक्क्याला बांधूनच काढली. व्हर्ना पडद्यामागे झोपली. ओला कोट शेगडीच्या वर टांगला. तिथे ऑरिनने एक खुंटी ठोकून ठेवलेली निघाली.

शनिवारी सकाळी निम्मं गाव निरोपाला आलं. डॉट भोक नसलेली चादर पांघरून आली होती, कारण गारठा होता. दोर सोडायच्या आधी व्हर्नाने ग्लेनिसला हाक मारली आणि कठड्यावरून टॉवेलात गुंडाळलेली ती जड वस्तू तिच्या हातात दिली.

"दिलेला नाहीये. सांभाळायला ठेवलाय. नीट ऐक. साबण लावायचा नाही. पाण्यात भिजत घालायचा नाही. गरम असतानाच मीठ टाकून पुसायचा आणि वर चरबीचं बोट फिरवायचं. वसंतात येऊन मी त्यात माझं तोंड बघणार आहे. नाही दिसलं तर तुझं काही खरं नाही."

"आई, तू काय करशील तिकडे?"

"पत्र्यावर तळीन. तुझ्या बापाची चव अशीही बर्फाने मेलेली आहे."

"भांडं आणि इस्त्री?"

"ती पिछाडीला बांधलीयेत. त्याने परवानगी दिलीय," व्हर्ना म्हणाली, आणि परवानगी हा शब्द तिने असा उच्चारला की ऑरिन चाकामागे खाकरला.

ग्लेनिसने कठड्यावरून वाकून आईला मिठी मारली, मध्ये तवा होता तरी. व्हर्नाने तिच्या पाठीवर दोनदा थापटलं, एरवी ती एकदाच थापटायची.

मर्टल धक्क्यापासून सुटली. बंदराच्या तोंडाशी ऑरिनने बटण दाबलं आणि हात काढून घेतले. बोटीचं नाक नैर्ऋत्येला लागलं आणि हललं नाही. व्हर्ना पिछाडीला डोनटच्या भांड्याशेजारी उभी राहून मागे बघत होती. तिला लांबचं दिसत नव्हतं, पण धक्क्यावर कुणीतरी दोन्ही हातांनी काहीतरी काळं, गोल डोक्याच्या वर धरून हलवत होतं, एवढं दिसलं.

"खाली ठेव तो!" व्हर्ना पाण्यावरून ओरडली. "पाय फोडून घेशील!"